डीबगरची आवृत्ती-ओळख : एक चिकित्सा

अमरावती जिल्ह्यात नुसते 'चांदूर' म्हटल्याने गाव ठरत नाही. 'रेल्वे' की 'बाजार', हे सांगावेच लागते. जीडीबी या डीबगरच्या 'एमआय' आंतरपृष्ठाचेही तसेच आहे. नुसते 'एमआय' मागितल्यास त्या डीबगरमधील सर्वांत नवी आवृत्ती मिळते. अनेक स्थानांच्या ब्रेकपॉइंटचे 'एमआय२'मधील उत्तर स्वतःच्याच व्याकरणाशी विसंगत होते; २०२० मध्ये 'एमआय३'ने तो दोष दूर केला. म्हणजेच आवृत्ती चुकल्यास अर्थही चुकतो. '-लिस्ट-फीचर्स' ही आज्ञा वैशिष्ट्ये सांगते, परंतु ती देण्यापूर्वीच एखादी आवृत्ती निवडून डीबगर सुरू करावा लागतो. आधी निवड आणि मग माहिती, हा क्रम उलटा आहे. तोवर वरच्या आवृत्तीपासून एकेक पायरी उतरत पडताळणे, हाच व्यवहार्य मार्ग होय.