लिनक्सच्या प्रतिष्ठापनेतील स्वॅप : एका पूर्वनिर्धारित निवडीची चिकित्सा

लिनक्सचा इन्स्टॉलर वापरकर्त्याला मोजकेच प्रश्न विचारतो. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याने स्वतःच ठरवून ठेवलेली असतात. स्वॅप हे त्यांपैकी एक होय. रॅम अपुरी पडू लागली की कर्नल क्वचित लागणारी माहिती डिस्कवरील राखीव जागेत हलवितो. संगणक हायबरनेट करावयाचा झाल्यास स्मृतीतील चालू कामही याच जागेत लिहिले जाते.

उबंटूने १७.०४ या आवृत्तीपासून (एप्रिल २०१७) सर्वसाधारण प्रतिष्ठापनेत स्वतंत्र विभाजनाऐवजी स्वॅप-फाइल स्वीकारली. तेव्हा तिची मर्यादा २ जीबी किंवा रिकाम्या डिस्कच्या ५ टक्के, यांपैकी जे कमी ते, अशी होती. फेडोरा ३३ ने (ऑक्टोबर २०२०) त्यापुढे जाऊन झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच माहिती संकुचित करून ठेवण्याची पद्धत, पूर्वनिर्धारित केली. डिस्कपेक्षा ती पुष्कळच वेगवान आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु वीज गेली की तीही जाते. तिच्यावर हायबरनेट होत नाही.

येथे हिंगोलीसारख्या जिल्ह्याचा विचार अपरिहार्य ठरतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला भारनियमन नवे नाही. सेनगाव वा कळमनुरीच्या एखाद्या कार्यालयात यूपीएस काही मिनिटेच तग धरतो. तेवढ्यात चालू काम डिस्कवर उतरले तर वाचते, एरवी जतन न केलेले सारे गेले. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरील भरलेली स्मृती २ जीबीच्या फाइलीत मावेलच, असे नाही.

डेबियनचा इन्स्टॉलर २००९ च्या 'लेनी' आवृत्तीपासून मराठीतही बोलतो, ही समाधानाची बाब. पण अनुवाद विचारलेल्या प्रश्नांचा होतो. न विचारलेला प्रश्न मराठीतही न विचारलेलाच राहतो. कॅलामारेस या इन्स्टॉलरमध्ये 'स्वॅप नको', 'हायबरनेटविना', 'हायबरनेटसह', 'फाइल' असे पर्याय दाखविण्याची सोय आहे. मात्र कोणता पर्याय कोणाच्या उपयोगाचा, याविषयी तोही मौन पाळतो.

हायबरनेट अनेक यंत्रांवर बेभरवशाचे असते आणि सिक्युअर बूट चालू असता कर्नल ते बहुधा नाकारतो, ही अभियंत्यांची बाजू खोटी नव्हे. आक्षेप बदलाला नसून तो अबोलपणे होण्याला आहे. कारण नंतर फाइल मोठी करूनही भागत नाही : ती कोणत्या विभाजनावर, कोठून सुरू होते, हे कर्नलला बूटच्या वेळी स्वतंत्रपणे सांगावे लागते, आणि ते इन्स्टॉलरच्या कोणत्याच पडद्यावर लिहिलेले नसते.