फोम कोणता, रेझिन कोणते – आणि का?

मोटारीमागे ओढून न्यायचे, दोघांच्या झोपण्यापुरते हलके घर म्हणजे कॅम्पर. असा कॅम्पर स्वतःच बांधणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. फोमच्या जाड पाटीवर दोन्ही बाजूंनी काचतंतूंचे कापड रेझिनने चिकटवायचे, ही त्यांची एक आवडती रीत. त्यांच्यासाठी लिहिलेल्या सूचना वाचताना आम्हाला एक उणीव सतत जाणवते. 'हे वापरा, ते टाळा' एवढे त्यांत असते. 'का' ते बहुधा नसते.

'पॉलिस्टायरिन फोमवर पॉलिएस्टर रेझिन लावू नका' हा नियम घ्या. नियम अगदी बरोबर आहे. पॉलिस्टायरिन म्हणजे स्टायरिनच्या रेणूंची लांब साखळी. पॉलिएस्टर रेझिन पातळ ठेवण्यासाठी त्यात द्रवरूप स्टायरिन भरपूर असते आणि त्यात हा फोम विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसते, म्हणून ते चालते. पॉलियुरेथेन फोम स्टायरिनमध्ये विरघळत नाही, तेव्हा त्यावर स्वस्त पॉलिएस्टरही चालते. पण तोच फोम गरम तारेने कापू गेल्यास विषारी वायू निघतात. पॉलिस्टायरिन मात्र खेळत्या हवेत तारेने सुबक कापता येते. नुसते नियम पाठ करणारा माणूस एका फोमऐवजी दुसरा घेतो आणि नेमका येथेच फसतो.

'मजबूत फोम निवडा' हा सल्लाही अपुरा आहे. वाकवणारा ताण मुख्यतः काचेचे दोन थर सोसतात. फोमचे काम त्यांना दूर ठेवणे आणि एकमेकांवर सरकू न देणे. घनमीटरला ३० किलो भरणाऱ्या फोमची एक चौरस मीटर पाटी २५ऐवजी ५० मिलिमीटर जाड घेतली, तर वजन पाऊण किलोने वाढते. ताठपणा मात्र जवळजवळ चौपट होतो. अर्थात थर फोमपासून सुटले, तर हा हिशेब कोसळतो.

बर्ट रूटन यांचे १९७५ साली उडालेले व्हेरीईझी विमान फोम, काचकापड आणि इपॉक्सी यांचेच. अशी विमाने पांढरी रंगवतात, कारण गडद रंग उन्हात तापतो आणि फोम व इपॉक्सी दोन्ही मऊ पडू लागतात. कॅम्परच्या सूचनांत रंग पुष्कळदा हौसेवर सोडलेला असतो.

सर्वांत मोठा आक्षेप आगीविषयी. ज्वालारोधक मिसळलेला फोम पेट घ्यायला वेळ लावतो, पण तो जळतो आणि दाट, विषारी धूर सोडतो. त्या चार भिंतींत माणसे झोपणार आहेत, कदाचित स्टोव्हही पेटवणार आहेत. बाहेर पडायला दुसरी वाट हवी, हे वाक्य अशा प्रत्येक सूचनापत्रात पहिल्या पानावर हवे.

शिक्षकांना यात एक चांगला पाठ आहे. उघड्या खिडकीजवळ, ज्योतीपासून दूर, पॅकिंगमधल्या थर्मोकोलवर अ‍ॅसिटोनचे चार थेंब टाकून दाखवा. खड्डा पडलेला पाहिल्यावर 'का' हा प्रश्न मुलेच विचारतील.