कर्नलच्या फाइल सिस्टीम स्तरातील कोडबदलांची समीक्षा : स्वरूप, सामर्थ्य आणि मर्यादा

प्रास्ताविक

संगणकावर तयार केलेला मजकूर एकदा ‘सेव्ह’ केला की तो सुरक्षित झाला, असे वापरणारा मनोमन गृहीत धरतो. हे गृहीतक खरे ठरविण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, आणि त्यातही फाइल सिस्टीम सांभाळणाऱ्या स्तरावर असते. लिनक्स कर्नलमध्ये या स्तरातील कोणताही बदल स्वीकारण्यापूर्वी अन्य जाणकार तो जाहीरपणे तपासतात. ज्ञानव्यवहारात समीक्षा ही लेखनानंतर येते. येथे मात्र समीक्षेच्या संमतीवाचून लेखनाला संहितेत स्थानच मिळत नाही. त्यामुळे तिच्या गुणदोषांचा परिणाम थेट वापरणाऱ्याच्या माहितीवर होतो.

या समीक्षेचा विचार बहुधा चुका शोधण्याचे तंत्र म्हणून केला जातो. प्रस्तुत लेखात तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे. या स्तरावरील गंभीर वाद चुकीच्या ओळींपेक्षा अलिखित वचनांविषयी झालेले आढळतात. बदललेल्या ओळी बरोबर आहेत का, एवढेच समीक्षेने विचारले तर ती अपुरी पडते. त्या ओळींवर कोण कशासाठी विसंबून आहे, हा प्रश्न ती विचारते तेव्हाच तिचे कार्य पूर्ण होते. हे प्रतिपादन काही प्रत्यक्ष घटनांच्या आधारे येथे तपासले आहे.

१. स्तराची घडण

निरनिराळ्या फाइल सिस्टीम एकाच सामायिक रचनेखाली नांदू शकतील, अशी व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास विकसित केली. तिचे विवेचन करणारा स्टीव्ह क्लायमन यांचा निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. लिनक्समध्ये १९९२ साली ‘एक्स्ट’ या फाइल सिस्टीमच्या आगमनाबरोबर असाच सामायिक स्तर आला. त्याला ‘व्हर्च्युअल फाइल सिस्टीम’, संक्षेपाने ‘व्हीएफएस’, असे म्हणतात. सुपरब्लॉक, आयनोड, डेंट्री आणि फाइल या चार संकल्पनांवर त्याची उभारणी झालेली आहे. सुपरब्लॉकमध्ये संपूर्ण फाइल सिस्टीमची नोंद असते व आयनोडमध्ये एका फाइलची. डेंट्री नावाची सांगड आयनोडशी घालते, तर उघडलेल्या फाइलची स्थिती चौथ्या संकल्पनेत सामावते.

ही रचना वरकरणी सुटसुटीत वाटली तरी तिच्यातील बदल तपासणे अत्यंत अवघड असते. पहिले कारण असे की, सामायिक स्तरातील एका बदलाचा परिणाम त्याखालच्या डझनावारी फाइल सिस्टीमवर होतो. दुसरे कारण कुलपांच्या, म्हणजे ‘लॉक’च्या, शिस्तीचे आहे. अनेक प्रक्रिया एकाच वेळी एका निर्देशिकेत वावरत असताना कोणते कुलूप आधी घ्यावे व कोणते नंतर, याचे नियम ठरलेले आहेत. तो क्रम चुकल्यास दोन प्रक्रिया एकमेकींची वाट पाहत कायमच्या खोळंबतात. २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीपासून फाइलचा मार्ग शोधताना बहुतेक वेळा कुलूप न घेताच पुढे जाण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे वेग वाढला. पण तपासणाऱ्याला सांभाळावे लागणारे व्यवधानही वाढले. या नियमांचा काही भाग कर्नलच्या दस्तऐवजात नोंदलेला आहे. बराचसा भाग मात्र दीर्घकाळ काम केलेल्या मोजक्या व्यक्तींच्या स्मरणात आहे. अलेक्झांडर व्हिरो हे अनेक वर्षांपासून या स्तराचे पालकत्व सांभाळत आले असून अलीकडच्या काळात ख्रिश्चन ब्राउनर यांनीही ती जबाबदारी उचलली आहे.

२. समीक्षेची रीत

प्रस्तावित बदल ‘पॅच’च्या रूपाने सादर केला जातो. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा आणि तो का आवश्यक आहे, याचे स्पष्टीकरण सोबत असावे, असा दंडक आहे. कोड कोठून आला याची जबाबदारी स्वीकारणारी स्वाक्षरी-ओळ २००४ पासून प्रचारात आली. समीक्षकाच्या नावाची ओळ त्यानंतरच्या काळात रुजली आणि तिचा अर्थही दस्तऐवजात निश्चित करण्यात आला. आपण तांत्रिक तपासणी केली आहे, शंका लेखकाला कळविल्या आहेत, बदल स्वीकारण्याजोगा असून त्यात ज्ञात दोष उरलेला नाही, अशी ग्वाही समीक्षक या ओळीद्वारे देतो. तो बदल अपेक्षेप्रमाणे चालेलच, अशी हमी मात्र तो देत नाही.

या व्यवस्थेचे दोन गुण ठळक आहेत. एक म्हणजे समीक्षकाचे नाव गुप्त राहत नाही. त्याची संमती संहितेच्या इतिहासात कायमची नोंदली जाते. विद्यापीठीय नियतकालिकांतील अनामिक परीक्षणाशी याची तुलना उद्बोधक ठरते. दुसरे म्हणजे, वापरणाऱ्यांच्या आज्ञावली मोडता कामा नयेत, हे तत्त्व लायनस टोरवाल्ड्स यांनी सातत्याने आग्रहाने मांडले आहे. परंतु ‘मोडणे’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते. पुढील घटनांतून ते स्पष्ट होते.

३. रायझर-४ : रचनेचे वचन

हान्स रायझर यांनी विकसित केलेली ‘रायझर-एफएस’ ही फाइल सिस्टीम २००१ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाली होती. तिची उत्तराधिकारी ‘रायझर-४’ २००४ साली पुढे आली. एकच वस्तू फाइल म्हणूनही वाचता यावी आणि निर्देशिका म्हणूनही उघडता यावी, ही तिच्यातील एक आकर्षक कल्पना होती. समीक्षकांनी घेतलेला आक्षेप मूलगामी होता. युनिक्सच्या परंपरेत एका फाइलला अनेक नावे असू शकतात. निर्देशिकेला मात्र तशी मुभा नसते. त्यामुळे निर्देशिकांची रचना वृक्षासारखी राहते आणि कुलपांचा क्रम याच वृक्षरूपावर बेतलेला आहे. फाइल आणि निर्देशिका यांतील भेद पुसला की हा आधारच निखळतो. या कल्पनेमुळे प्रक्रिया खोळंबण्याचा धोका उद्भवतो, हे व्हिरो यांनी दाखवून दिले. सामायिक स्तराचे काम रायझर-४ स्वतःच्या जोड-रचनेत पुन्हा करते, असाही आक्षेप होता. रायझर-४ मुख्य कर्नलमध्ये कधीच समाविष्ट झाली नाही.

समीक्षा नावीन्याचा गळा घोटते, असा आरोप अशा प्रसंगी होतो व त्यात तथ्यांश असतो. तथापि, येथे नाकारले गेले ते नावीन्य होते असे म्हणणे अपुरे ठरेल. इतर सर्व फाइल सिस्टीम ज्या गृहीतकावर उभ्या होत्या, त्याला एका फाइल सिस्टीमच्या सोयीसाठी धक्का लागू देण्यास समीक्षकांनी नकार दिला. समीक्षेचे हे सर्वांत समर्थ रूप मानता येईल. कारण तिची नजर पॅचच्या बाहेर, पॅचने स्पर्श न केलेल्या कोडपर्यंत पोहोचली होती.

४. एक्स्ट-४ : सवयीचे वचन

दुसरे उदाहरण समीक्षेच्या मर्यादेचे आहे. ‘एक्स्ट-४’ ही फाइल सिस्टीम डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीत स्थिर म्हणून घोषित झाली. तिच्यात ‘विलंबित जागावाटपा’चे तंत्र होते. मजकूर लिहिला जाताच डिस्कवर जागा न ठरविता ती काही काळाने एकत्रितपणे ठरविली, तर मजकूर सलग साठतो व वेग वाढतो. ‘एक्सएफएस’सारख्या फाइल सिस्टीममध्ये हे तंत्र आधीपासून होते, त्यात तांत्रिकदृष्ट्या काहीही गैर नव्हते.

मात्र २००९ च्या आरंभी तक्रारी येऊ लागल्या. संगणक अचानक बंद पडल्यानंतर वापरणाऱ्यांच्या काही फाइली शून्य लांबीच्या झालेल्या आढळल्या. अनेक आज्ञावली नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून तिला जुन्या फाइलचे नाव देत असत. नावातील बदल डिस्कवर आधी नोंदला जाई आणि मजकूर मागे राही. त्या मधल्या क्षणी यंत्र बंद पडले की जुना मजकूरही गेलेला व नवाही आलेला नाही, अशी स्थिती होई. आधीच्या एक्स्ट-३ मध्ये नेहमीच्या मांडणीत मजकूर आधी लिहिला जाई आणि साधारणतः दर ५ सेकंदांनी नोंद पक्की होई. त्यामुळे हा धोका क्वचितच जाणवत असे.

एक्स्ट-४ चे पालक थिओडोर त्सो यांनी मांडलेली बाजू प्रमाणग्रंथाला धरून होती. ‘पॉसिक्स’ या मानकानुसार मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री हवी असल्यास आज्ञावलीने ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी लागते. ती न देणाऱ्याला तक्रारीचा अधिकार नाही, हा युक्तिवाद शब्दार्थाने निर्दोष होता. परंतु एक्स्ट-३ मध्ये हीच आज्ञा इतकी खर्चिक होती की, आज्ञावली लिहिणारे ती टाळू लागले होते. २००८ मध्ये फायरफॉक्स-३ हा ब्राउझर याच कारणाने रेंगाळत असल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. म्हणजेच जुन्या फाइल सिस्टीमने लावलेल्या सवयीबद्दल नवी फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांना दंड करू पाहत होती.

अखेरीस त्सो यांनी स्वतःच उपाय योजला. जुन्या फाइलच्या जागी नवी आणली जात असेल, तर तिचे जागावाटप लांबणीवर न टाकण्याची सोय २.६.३० या आवृत्तीत, २००९ मध्ये, झाली. मानकाने न मागितलेले वचन अशा रीतीने कोडने पाळले. येथे समीक्षेने संहिता तपासली होती. संहितेच्या वाचकांची सवय तपासली नव्हती.

५. एफसिंक : न बदललेल्या ओळींचा दोष

मग ‘एफसिंक’ तरी विश्वासार्ह होती काय? २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांसमोर हाच प्रश्न उभा राहिला. डिस्कवर लेखन अयशस्वी झाल्यास लिनक्स ती चूक एकदा कळवी. पण न लिहिला गेलेला मजकूर ‘लिहिला गेला’ असे समजून स्मृतीतील खूण पुसून टाकी. डेटाबेसने पुन्हा एफसिंक केल्यास उत्तर यशाचे येई, प्रत्यक्षात मजकूर मात्र हरवलेला असे. ‘पुन्हा प्रयत्न करता येतो’ हे पोस्टग्रेसचे गृहीतक अनेक वर्षे तपासलेच गेले नव्हते. कर्नलच्या ४.१३ या २०१७ मधील आवृत्तीत चूक कळविण्याची पद्धत सुधारली होती व २०१८ मध्ये तिच्यात आणखी दुरुस्ती झाली. तरीही हरवलेला मजकूर त्यामुळे परत येत नव्हता. २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने आपले धोरण बदलले. एफसिंक अयशस्वी होताच काम थांबवायचे आणि नोंदवहीवरून माहिती पुन्हा उभी करायची, असे त्याने ठरविले.

या दोषाचे वैशिष्ट्य असे की, तो कोणत्याही एका नव्या पॅचमध्ये सापडण्याजोगा नव्हता. समीक्षा फरक वाचते. जे बदललेले नाही ते तिच्यासमोर येतच नाही. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील संशोधकांचे अभ्यास या संदर्भात लक्षणीय आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी सहा लिनक्स फाइल सिस्टीममधील आठ वर्षांचे ५,०७९ पॅच तपासले. दोषांपैकी निम्म्याहून अधिक दोष अर्थविषयक, म्हणजे फाइल सिस्टीमच्या अपेक्षित वर्तनाचे आकलन असल्याशिवाय न उमगणारे, होते. अपयश हाताळणाऱ्या मार्गांवरही दोषांचे प्रमाण मोठे आढळले. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात ११ प्रचलित प्रणाली तपासल्या असता, यंत्र मध्येच बंद पडल्यास माहिती धोक्यात आणणाऱ्या ६० त्रुटी मिळाल्या. त्यांचे मूळ फाइल सिस्टीमच्या अलिखित वर्तनावर विसंबण्यात होते. एक्स्ट-४ ची घटना अपवादात्मक नव्हती, हे यावरून दिसते.

६. अधिकाराचा प्रश्न

समीक्षेला अखेर अधिकाराचे अंगही असते. ‘बीकॅशएफएस’ ही फाइल सिस्टीम जानेवारी २०२४ मधील ६.७ आवृत्तीत दाखल झाली आणि २०२५ मधील ६.१८ आवृत्तीतून वगळली गेली. वादाचा एक मुख्य मुद्दा वेळेचा होता. नवे बदल स्वीकारण्याचा काळ संपल्यावर केवळ दुरुस्त्याच घ्याव्यात, असा कर्नलचा शिरस्ता आहे. वापरणाऱ्यांची माहिती वाचविण्यासाठी उशिरा आलेले मोठे बदलही आवश्यक आहेत, असे तिच्या विकासकाचे म्हणणे होते. दोन्ही पक्ष वापरणाऱ्याच्या हिताचाच दाखला देत होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. एका पक्षाला आजच्या वापरणाऱ्याची हानी टाळायची होती, तर दुसऱ्याला उद्याच्या सर्व वापरणाऱ्यांसाठी तपासणीची शिस्त टिकवायची होती. शिस्तीचे पारडे जड ठरले. ते समर्थनीय मानले तरी, त्याची किंमत ती फाइल सिस्टीम विश्वासाने वापरणाऱ्यांनाही मोजावी लागली, हे नजरेआड करता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रचनेच्या वचनाचे रक्षण ही समीक्षा समर्थपणे करते; कारण ती रचना समीक्षकांच्या अंगवळणी पडलेली असते. दुसरी, वापरणाऱ्याच्या सवयीत दडलेले वचन तिच्या नजरेतून निसटते. कारण त्या सवयींचे साक्षीदार चर्चेत उपस्थित नसतात. तिसरी, जुन्या कोडमधील दोष पाहण्याची सोय फरक वाचण्याच्या रीतीत मुळातच नाही. त्यासाठी स्वतंत्र पुनर्वाचनाची गरज आहे. स्वयंचलित चाचण्यांनी हे काम काही अंशी हलके केले असले, तरी चाचणी तरी कशाची घ्यावी, हे आधी कोणाला तरी सुचावे लागते.

म्हणून मोजक्यांच्या स्मरणातील नियम लिखित स्वरूपात आणणे आणि डेटाबेससारख्या अवलंबून असणाऱ्या प्रणालींच्या विकासकांना चर्चेत वेळीच सामील करून घेणे, या सुधारणा अगत्याच्या ठरतात. महाविद्यालयीन संगणकशास्त्रात कोड लिहिण्याचे शिक्षण सविस्तर मिळते. दुसऱ्याने लिहिलेला कोड चिकित्सकपणे वाचण्याचे शिक्षण मात्र क्वचितच मिळते. समीक्षकांची टंचाई तेथूनच सुरू होते. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही हेच कर्नल आहे, हे लक्षात घेता अशा वाचनाची गरज थोड्या तज्ज्ञांपुरती मर्यादित राहत नाही. फाइल ‘सेव्ह’ करणाऱ्याने गृहीत धरलेले वचन कोणीतरी वेळीच वाचलेले असावे, एवढीच अपेक्षा या समीक्षेकडून आहे आणि ती पुरी करणे सोपे नाही.