समान नियम, असमान निकाल : स्त्रीवाद दोघांसाठी आहे का?

"आजचा स्त्रीवाद खरंच दोघांच्या समानतेबद्दल बोलतो का?" हा प्रश्न तुम्ही वादविवाद स्पर्धेत ऐकला असेल, कॅन्टीनमध्ये तर नक्कीच. उत्तरं साधारण दोनच मिळतात. एक जण म्हणतो, "व्याख्या बघ ना, स्त्रीवाद म्हणजेच समानता." दुसरा म्हणतो, "मग सगळ्या सवलती मुलींनाच का?"

संशोधनाची तयारी करणाऱ्याने या दोन्हींवर समाधान मानू नये. पहिला व्याख्येलाच पुरावा समजतो. दुसरा एका नियमावरून अख्खा विचार निकालात काढतो. स्त्रीवाद म्हणजे काही एक संघटना नाही की तिचा जाहीरनामा काढून तपासता येईल. म्हणून प्रश्न लहान करायचा. एखादी ठोस मागणी घ्यायची, तिच्यातून आलेला नियम बघायचा आणि त्याचा परिणाम दोघांवर काय झाला ते तपासायचं.

मी इथे आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा घेतोय : मूल झाल्यावर संशोधकाला मिळणारी रजा आणि मुदतवाढ. नेट, पीएचडी, पोस्टडॉक हे सगळं पंचविशी ते पस्तिशीत येतं, आणि लग्न-मूलही त्याच वर्षांत. त्यामुळे हा वाद आपल्यासाठी पुस्तकी नाही.

आपल्याकडचा नियम काय सांगतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची पीएचडी नियमावली उघडा. पीएचडीची कमाल मुदत ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिला संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सूट मिळू शकते. शिवाय महिला संशोधकांना पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. बाप झालेल्या संशोधकासाठी या नियमावलीत एकही दिवस नाही. एखादी संस्था आपल्या पातळीवर काही देत असेल तर गोष्ट वेगळी.

नोकरीत गेलात तरी चित्र फार बदलत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचारी महिलेला १८० दिवस प्रसूती रजा, पुरुषाला १५ दिवस पितृत्व रजा. ७३० दिवसांची बालसंगोपन रजा महिलांना आहे. पुरुषांना ती २०१८ पासून मिळते, पण फक्त एकल पालक असेल तर.

आता इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रसूती, त्यानंतर शरीर भरून येणं, स्तनपान हे आईच्याच वाट्याचं आहे. त्याची बरोबरी बापाच्या रजेशी करायची नाही. पण बालसंगोपन आणि मुदतवाढ यांचा संबंध मूल सांभाळण्याशी आहे, आणि मूल सांभाळायला गर्भाशय लागत नाही. आपला नियम या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरतो. म्हणून "हे एकतर्फी आहे" ही मुलांची तक्रार अर्धी बरोबर आहे, असं माझं मत आहे.

उरलेला अर्धा भाग मात्र तक्रार करणारे बघत नाहीत. हा नियम मुलींनाही महागात पडतो. रजा फक्त बाईच घेणार असं कागदावरच ठरलं, की गाइडच्या डोक्यात हिशोब सुरू होतो : मुलगी घेतली तर मध्ये लग्न, मग बाळ, मग प्रोजेक्टची मुदत. मुलाखतीत "लग्नाचं काय ठरवलंय?" हा प्रश्न मुलाला कोणी विचारत नाही, मुलीला विचारतात. सवलत तिच्या नावावर आणि तिची किंमतही तिच्याच नावावर.

आकडे वाचताना छेद बघा

"पण घरी मूल सांभाळतं कोण?" हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण इथे उपयोगी आहे. त्यातला नेहमी सांगितला जाणारा आकडा असा : घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं.

हा आकडा कुठेही वाचलात की एक प्रश्न विचारा : सरासरी कोणाची? तर ही सरासरी फक्त त्या दिवशी असं काम केलेल्यांची आहे. बायकांमध्ये हे प्रमाण ८१.२ टक्के, पुरुषांमध्ये २६.१ टक्के. म्हणजे चारातल्या जवळपास तीन पुरुषांनी घरकामाला हातच लावला नाही, आणि ते ९७ मिनिटांच्या हिशोबात नाहीतच. सगळ्यांना छेदात घेतलं तर आकडे होतात बायका सुमारे २४३ मिनिटं, पुरुष सुमारे २५. गुणाकार स्वतः करून बघा. तिप्पट वाटणारा फरक जवळपास दहापट निघतो.

याचा करिअरवर काय परिणाम होतो, ते डेन्मार्कच्या एका अभ्यासात स्वच्छ दिसतं. क्लेवेन, लांदे आणि सोगार्ड यांचा हा पेपर २०१९ चा. पहिल्या मुलाचा जन्म म्हणजे 'शून्य वर्ष' धरून त्यांनी स्त्री-पुरुषांच्या कमाईच्या रेषा काढल्या. जन्माआधी दोन्ही रेषा बरोबरीने चालतात. जन्मानंतर आईची रेषा खाली येते आणि दीर्घकाळात सुमारे २० टक्के खालीच राहते. बापाच्या रेषेला जवळपास धक्काच नाही. रजांच्या बाबतीत उदार मानल्या जाणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे.

मग दोघांना सारखीच सवलत द्यावी?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, नियम दोघांना सारखा करा. अमेरिकेत हा प्रयोग झालाय, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा पेपर त्यावरचाच आहे.

तिथे नवीन प्राध्यापकाला ठरावीक वर्षांत संशोधन दाखवून कायम नोकरी मिळवावी लागते. मूल झालं तर त्या घड्याळाला एक वर्ष थांबवता येतं. अनेक विद्यापीठांनी ही सोय आई आणि बाप दोघांनाही दिली. अँटेकॉल, बेडार्ड आणि स्टर्न्स यांनी अर्थशास्त्राच्या आघाडीच्या ५० विभागांतल्या १९८० ते २००५ दरम्यान नेमलेल्या प्राध्यापकांची माहिती तपासली. पेपर २०१८ मध्ये आला. निष्कर्ष उलटा निघाला : सोय आल्यावर पुरुषांचं कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि स्त्रियांचं घटलं. पुरुषांचे वरच्या जर्नल्समधले पेपर वाढले, स्त्रियांचे नाही.

सरळ अर्थ असा लागतो की वाढीव वर्ष बापाला संशोधनासाठी मिळालं आणि आईचं बाळात गेलं. पुढे सगळ्यांकडूनच अपेक्षा वाढल्या आणि आई मागे पडली. पण इथे सावध राहा. अभ्यास एका देशातला, एका विषयातला, फक्त नामांकित विभागांचा आहे. कोणाचा वेळ घरी नेमका कशात गेला हे या माहितीत नाही. तो लावलेला अर्थ आहे. उद्या तुमच्या रिव्ह्यूमध्ये हा पेपर आला तर निष्कर्ष आणि अर्थ वेगवेगळ्या वाक्यांत लिहा.

तरी एवढं नक्की म्हणता येतं : घरातली वाटणी असमान असताना कागदावरचा सारखा नियम ती असमानता आहे तशीच पुढे ढकलतो, कधी वाढवतोही.

तिसरा रस्ता

स्वीडनने १९७४ मध्येच मातृत्व रजेच्या जागी दोघांना वाटून घेता येणारी पालक रजा आणली. पण बापांनी ती फारशी घेतलीच नाही. मग नॉर्वेने १९९३ मध्ये आणि स्वीडनने १९९५ मध्ये रजेतला काही भाग बापासाठीच राखून ठेवला. त्याने नाही घेतला तर तो बुडाला, आईच्या नावावर करता येत नाही. यानंतर रजा घेणाऱ्या बापांची संख्या झपाट्याने वाढली.

इथेही हुरळून जायचं नाही. स्वीडनच्या या 'बापाच्या महिन्या'वर एकबर्ग, एरिक्सन आणि फ्रीबेल यांनी २०१३ मध्ये पेपर लिहिला. बापांनी रजा घेतली हे खरं, पण पुढे मूल आजारी पडल्यावर घरी थांबण्यात त्यांचा वाटा वाढल्याचं दिसलं नाही. एका महिन्याच्या रजेने सवय बदलत नाही, एवढं त्यातून कळतं.

मग निकाल काय?

माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्या विद्यापीठांत स्त्रीवादाच्या नावाखाली जे चालतं, ८ मार्चचं भाषण आणि सवलतींची यादी, ते दोघांची समानता साधत नाही. त्यावर टीका व्हायलाच हवी. कारण ती यादी "मूल हे बाईचं काम" हे जुनंच गृहीतक शिक्का मारून परत देते. पण तो दोष स्त्रीवादाच्या माथी मारणंही चूक आहे. बापाला घरात आणा ही मागणी स्त्रीवादाचीच आहे. आपल्याकडेही 'मिळून साऱ्याजणी' सुरू करणाऱ्या विद्या बाळ पुरुषांशी संवाद हा चळवळीचाच भाग मानत होत्या, आणि मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संस्था १९९३ पासून मुलग्यांबरोबर काम करतेय. उलट, सवलतींवर चिडणाऱ्या आपल्या मित्रांच्या तोंडून "आम्हालाही बाळ सांभाळायला रजा द्या" ही मागणी मला क्वचितच ऐकू येते. बहुतेकांना तिची रजा खुपते, आपल्याला नाही याचं दुःख नसतं.

म्हणून पुढच्या वेळी हा वाद सुरू झाला की तीन गोष्टी विचारा. नियम शरीरासाठी आहे की सांभाळण्यासाठी? सरासरीच्या छेदात कोण आहे? आणि नियम लागू झाल्यावर दोघांचा वेळ कुठे गेला?

आणि एक काम लगेच करा. पीएचडीला प्रवेश घेण्याआधी संस्थेच्या कार्यालयात विचारा : संशोधक बाप झाला तर किती दिवस रजा आहे, आणि तेवढ्या दिवसांची फेलोशिप चालू राहते का? हा प्रश्न मुलींनी नाही, मुलांनी विचारा. अर्ज लेखी द्या. कोणी विचारतच नाही, तोवर नियमात ती ओळ येणार नाही.