एका सापडलेल्या मैफलीची दोन रूपे : बेनी गुडमन यांचे कार्नेगी हॉलमधील वादन

16 जानेवारी 1938 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने केलेले वादन जाझच्या इतिहासात मानाचे मानले जाते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या या सभागृहात नृत्यगृहांतील संगीताला मिळालेला प्रवेश आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय वादकांचे एकाच रंगमंचावरील सहवादन, ही त्याची दोन कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु समीक्षेच्या दृष्टीने तिसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते. ती म्हणजे या मैफलीचे ध्वनिमुद्रण.

ॲल्बर्ट मार्क्स यांच्या पुढाकाराने मंचावर टांगलेल्या एका ध्वनिग्राहकाद्वारे हे मुद्रण झाले. त्याच्या तबकड्या गुडमन यांच्या घरातील कपाटात पडून राहिल्या आणि 1950 मध्ये हाती लागल्या. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने त्यांवरून काढलेल्या दीर्घध्वनिमुद्रिका अमाप खपल्या. मात्र त्यांत दोन रचना वगळल्या होत्या आणि 'हनीसकल रोझ' या रचनेवरील सामूहिक उत्स्फूर्त वादन बरेच कापले होते. संपूर्ण मैफल फिल शाप यांच्या संपादनाखाली 1999 मध्ये उपलब्ध झाली. त्यांनी तबकड्यांची खरखर फारशी पुसली नाही, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. कानांना 1950 ची आवृत्ती सुखावह आहे, हे मान्यच करावयास हवे. तथापि मैफलीचे मूल्यमापन 1999 च्या आवृत्तीवरूनच व्हावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याचे कारण मैफलीच्या दुबळ्या भागांत आहे. 'जाझची वीस वर्षे' या विभागात वादकांनी पूर्वसूरींच्या शैलींची प्रात्यक्षिके सादर केली. प्रारंभ ओरिजिनल डिक्सीलँड जाझ बँड या गोऱ्या वाद्यवृंदाच्या शैलीने होतो, कारण 1917 ची पहिली जाझ ध्वनिमुद्रिका त्याची आहे. पुढे बॉबी हॅकेट बिक्स बायडरबेक यांची, तर हॅरी जेम्स लुई आर्मस्ट्राँग यांची शैली वाजवून दाखवतात. न्यू ऑर्लिन्सच्या परंपरेतील किंग ऑलिव्हर आणि जेली रोल मॉर्टन यांना मात्र येथे स्थानच नाही. ध्वनिमुद्रिकेलाच आरंभबिंदू मानले की इतिहास असा अपुरा होतो. वादनही कौशल्यपूर्ण असले तरी अनुकरणाच्या पलीकडे क्वचितच जाते. अपवाद एलिंग्टन यांच्या वृंदातून आलेल्या जॉनी हॉजेस, कूटी विल्यम्स आणि हॅरी कार्नी यांचा. ते कोणाची नक्कल करत नव्हते, स्वतःचेच संगीत वाजवत होते.

'हनीसकल रोझ'मध्ये काउंट बेसी, लेस्टर यंग, बक क्लेटन यांच्यासारखे वादक एकत्र येतात. लेस्टर यंग यांचा संयत सॅक्सोफोन सोडला तर हे वादन लांबते, रेंगाळते. 1950 च्या संपादकांनी त्याला कात्री लावली, ती श्रोत्यांच्या सोयीसाठी. पण त्यामुळे पुढे जे घडते त्याचा तोल बिघडला.

अखेरच्या टप्प्यावर 'सिंग, सिंग, सिंग' ही रचना येते. 1937 च्या ध्वनिमुद्रणात ती तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरली होती, येथे सुमारे बारा मिनिटे चालते. जीन क्रूपा यांचे ड्रम, जेम्स यांचा ट्रम्पेट, गुडमन यांचे क्लॅरिनेट असा आवेग चढत जातो. मग अनपेक्षितपणे पियानोवादक जेस स्टेसी यांना वाट मोकळी होते. एरवी साथीला असणारे स्टेसी सुमारे दोन मिनिटे वाजवतात, तेही आवाज न चढवता. क्रूपांचा ठेका खाली चालूच राहतो आणि त्यावर एक शांत, काहीशी प्रार्थनेसारखी सुरावट उलगडत जाते. तीन मिनिटांच्या तबकडीतला ख्याल आणि मैफलीतला ख्याल यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी श्रोत्याला येथे काय घडते ते सांगावे लागणार नाही.

हे दोन मिनिटांचे वादन सुटे ऐकले तर केवळ सुंदर वाटते. नकलांचा विभाग, लांबलेले सामूहिक वादन आणि सतत चढत गेलेला आवाज सोसून तेथे पोहोचल्यावर मात्र कोणाचेही अनुकरण न करणारा तो हळू स्वर त्या रात्रीचे खरे उत्तर ठरतो. शाप यांनी राखलेली खरखर नेमकी येथेच सर्वाधिक जाणवते, कारण सभागृहात तेवढी शांतता दुसऱ्या कोणत्याही क्षणी नव्हती.