मूलाँ रूजच्या आत

पॅरिसच्या मोंमार्त्र भागात १८८९ साली ‘मूलाँ रूज’ हे नृत्यगृह सुरू झालं. त्याचं पोस्टर केलं ज्यूल शेरेनं: गाढवांवर बसून लाल पवनचक्कीकडे निघालेल्या हसऱ्या तरुणी. मोठं लोभस आमंत्रण होतं ते. दोन वर्षांनी हेच काम आंरी द तुलूझ-लोत्रेककडे आलं. त्याचं हे पहिलंच पोस्टर, आणि त्यानं पाहणाऱ्याला थेट नाचाच्या रिंगणात नेऊन उभं केलं.

मधोमध नर्तकी ला गुलू, म्हणजे लुईझ वेबर. लाल ठिपक्यांचा ब्लाउज, लाल मोजे, आडवा फेकलेला पाय आणि त्याभोवती उसळलेला परकराचा घोळ. चित्रातली सर्वांत उजळ जागा हीच, आणि तिथंच शाई जवळजवळ नाही! तो लखलखता पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. चार-दोन रेषांनी त्याच्या चुण्या दाखवल्या, बास. हे पोस्टर शिळाछपाईचं, आणि तिच्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. लोत्रेकनं लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढ्यांतच सगळं भागवलं. सपाट रंग आणि कडेला कापलेल्या आकृती यांत जपानी छापचित्रांचा संस्कार स्पष्ट दिसतो.

मागे प्रेक्षकांचा काळा पट्टा. चेहरे नाहीत, उंच टोप्या आणि बायकांच्या हॅटवरची पिसं तेवढी ओळखू येतात. डावीकडे दिव्यांचे पिवळे गोळे. सगळ्यांत पुढे, आपल्या अगदी नाकासमोर, तिचा जोडीदार व्हॅलेंताँ: करड्या रंगात, टोकदार नाक-हनुवटीचा, हात उचललेला.

मला या पोस्टरची खरी करामत व्हॅलेंताँमध्ये दिसते. आकारानं तो सर्वांत मोठा, तरी रंगानं इतका विझवलेला की नजर त्याला ओलांडून ला गुलूवर जाते. पण त्याला ओलांडावं लागतं, हेच महत्त्वाचं. पलीकडचा काळा पट्टा हा समोरचा प्रेक्षकवर्ग. मग अलीकडे, व्हॅलेंताँच्या खांद्याशी कोण उभं आहे? आपणच. गर्दीचं ते कडं आपण पुरं करतो. रस्त्यानं जाणाऱ्याला ‘या’ म्हणायच्या आधीच लोत्रेकनं त्याला जागा देऊन टाकली आहे. अशा जाहिरातीला आर्जवाची गरजच उरत नाही.