भाटघरचा तळ, टेक्सासची होडी

आपल्या स्मरणिकेत ढोल-लेझीम, नाटक आणि पुरणपोळी यांचं कौतुक दरवर्षी छापून येतं. गळाने मासे धरण्याच्या कलेवर मात्र आजवर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. डॅलसच्या परिसरात ती कला आमच्या दादांनी टिकवली आहे. यंदा त्यांनी बास मासे धरायची पहिली होडी, म्हणजे बास बोट, घेतली, तेवढंच निमित्त मला पुरे.

दादा भोरजवळच्या उत्रोलीचे. वेळवंडीवरचं भाटघर धरण, १९२७ साली पुरं झालेलं, तिथून जवळच. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं आणि उन्हाळ्यात इतकं आटतं की वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं. त्या उघड्या तळावर दादांची शाळा भरली. जुनी नदी कुठे वळते, बांध कुठे आहे, खोड कुठे उभं आहे, हे मे महिन्यात चालत फिरून पाहायचं आणि पाणी चढलं की गळ बरोबर तिथेच टाकायचा. मरळ अशाच आडोशाला दबा धरून बसते. पाण्याचा वरचा भाग कुणीही पाहतो. दादांना खालचा पाठ आहे.

इकडे टेक्सासचं लेक फोर्क, तेही धरणाचंच, भरलं १९८० च्या सुमारास, आणि त्यातली बरीच झाडं मुद्दामच तोडली नव्हती. दादांना ते पाहून माहेरी आल्यासारखं वाटलं असणार. इथला लार्जमाउथ बास मरळीच्या नात्यातला नाही, पण स्वभाव तोच: ओंडक्याच्या सावलीत थांबायचं, आमिष टप्प्यात आलं की झडप घालायची. विणीच्या दिवसांत नर घरट्यावर पहारा देतो. मरळही पिलं राखते. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ मध्ये याच तलावात सापडला.

होडी बघायला मीही गेलो होतो. विक्रेत्याने आधी लाल चमचमती फायबरग्लासची दाखवली. एकवीस फुटी, मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन, किंमत ऐकून मी खुर्ची शोधली. दादांनी एवढंच विचारलं, "ही ओंडक्यावर घासली तर?" मोठ्या, वाऱ्याच्या तलावावर फायबरग्लास लाटा अलगद कापते, हे खरं. पण झाडाझुडपांत शिरायचं असेल तर ॲल्युमिनियमच बरं, आणि ते हलकं असल्याने लहान गाडीनेही ओढता येतं. १९७८ मध्ये मासेमारीच्या सामानाचे व्यापारी जॉनी मॉरिस यांनी अशीच होडी, इंजिन आणि ट्रेलर मिळून एकच किंमत लावली, तेव्हापासून हा शौक साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आला.

शेवटी एक वापरलेली सतरा फुटी घेतली. पण सहज नाही. दादा फळीवर पाय दाबून दाबून फिरले, कारण खालचं लाकूड कुजलं की फळी दबते. इंजिन टेकतं तो मागचा भाग ठोकून पाहिला. ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगं हाताने फिरवून ऐकली. कमाल वजन आणि हॉर्सपॉवर लिहिलेली पट्टी वाचली. तिच्यापेक्षा मोठं इंजिन लावणारा माणूस मूर्ख, हे त्यांचं मत मला मान्य आहे. पुढची विजेवरची ट्रोलिंग मोटर मात्र नवी बसवली. माशाजवळ आवाज न करता सरकणं हीच अर्धी कला, त्यात काटकसर नको.

आता शनिवारी मंडळातली पोरं होडीत असतात, लाइफ जॅकेट घालून. तेरा वर्षांखालच्यांना तर कायद्यानेच घालावं लागतं. दादा त्यांना पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्याकडे बघू देत नाहीत. आधी काठ बघा म्हणतात. काठाचा उतार पाण्यातही सहसा तसाच पुढे जातो.

घरचा वाद मात्र मिटलेला नाही. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांचा बास सोडून द्यावाच लागतो, आणि उरलेलेही दादा बहुधा सोडतात. वहिनींना हे अजिबात पटत नाही. "एवढे पैसे घालून मासा परत पाण्यात?" तडजोड अशी ठरली आहे की बास दादांचा आणि कॅटफिश वहिनींचा. तो शिंगाळ्यासारखाच लागतो, कोकम जरा जास्त घालावं लागतं.